मायना नसलेलं पत्र

आपल्यात काय चांगलं आहे हे दुसऱ्यानं सांगून कळतं, असं मला वाटत नाही. मला तर सगळ्यांनी एकमुखानं चुकीचंच सांगितलं होतं, आणि वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत मी ते खरं धरून चालले होते.

आमच्या घरात प्रत्येकाला एकेक गुण वाटून दिलेला होता. थोरला भाऊ हुशार. धाकटी बहीण गोरी आणि गोड गळ्याची. माझ्या बाबतीत आत्यानं एकदा सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला : "हिचं अक्षर तेवढं बरं आहे. बाकी देवानं हात आखडताच घेतलाय." आई हसली, मी रडले, आणि त्या दिवसापासून अक्षर हा माझा गुण ठरला. एकच वाट्याला आलाय म्हटल्यावर मी तो घासूनपुसून लखलखीत ठेवला. टाक कसा धरायचा, शाई किती घ्यायची, टिपकागद कधी दाबायचा, यावर मी धाकट्या बहिणीला जी व्याख्यानं दिली, ती आठवून आजही मला तिची कीव येते.

आम्ही राहायचो लष्करात, म्हणजे फौजेत नव्हे, उत्तरेकडच्या मराठी संस्थानातल्या त्या नावाच्या शहरात, टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीत, भाड्याच्या तीन खोल्यांत. वडलांना आम्ही दादा म्हणत असू. दादा दरबारच्या दफ्तरात पत्रं लिहायचे. त्यांचे वडील आणि आजोबाही तेच करायचे, आणि त्यांच्याही आधीचे जे कोणी देशावरून फौजेबरोबर इकडे आले ते तलवार घेऊन नव्हे, दौत-लेखणी घेऊन. याचा दादांना इतका अभिमान, की कुणी तलवारीचं कौतुक केलं तर त्यांना ठसका लागायचा. गल्लीतली निम्मी मराठी घरं तलवारवाल्यांची होती, त्यामुळे ठसके बरेच लागायचे.

दादांनी मला मायने शिकवले. मायना म्हणजे पत्राच्या डोक्यावरचे नमस्कार-चमत्कार. आईवडलांना तीर्थरूप, इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, लहानांना चिरंजीव, विधवेला गंगाभागीरथी. मग 'येथील सर्व मंडळी क्षेम आहे, आपले क्षेम कळवावे'. त्यानंतर मजकूर, आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा'. यातला एक शब्द हलला तर दादांच्या लेखी ते पत्र पांगळं. "घराला आग लागली असली तरी आधी क्षेम, मग आग," असं ते अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. पत्रात अभद्र काही लिहायचं नाही, हाही नियम होता. भावाला हे काही केल्या पाठ होईना. मला दहाव्या वर्षीच सगळं तोंडपाठ होतं.

आणखी एक गोष्ट मी दादांकडून उचलली. दफ्तरात कुणी कुणाला सरळ 'या' म्हणत नसे. 'सवड सापडल्यास येणे करावे,' असं लिहीत. वरच्या साहेबांकडून 'सवड सापडल्यास' अशी चिठ्ठी आली, की दादा भरल्या ताटावरून उठायचे आणि पगडी डोक्यावर ठेवता ठेवता जिना उतरायचे. जितकं मऊ लिहिलेलं तितकी निकड जास्त, असा तो कारभार. मला वाटे, सगळं जगच असं वागतं.

दुपारी जेवणं आटोपली की गल्लीतल्या बायका माझ्याकडे कार्ड घेऊन यायच्या. बऱ्याचजणींना लिहिता येत नसे. घरातल्या पुरुषांना माहेरची पत्रं लिहायला सांगायची त्यांना लाज वाटायची. मी पुढच्या खोलीत उतरत्या डेस्कापाशी बसे. त्या सांगायच्या, मी लिहायची. लिहायची म्हणजे काय, सजवायची. एकीनं सांगितलं, "काकीला म्हणावं लोणचं संपलं, अजून पाठव." मी लिहिलं, 'आपण ममतेने पाठविलेले लोणचे संपुष्टात आले असून आपली आठवण जिव्हेवर आहे.' त्या गवारीची भाजी सांगायच्या, मी पंचपक्वान्नं वाढायची. वाचून दाखवलं की त्या पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "हाय राम, किती छान लिहितेस गं!" आणि मी मान खाली घालून टाक पुसत बसायची. माझ्याइतकी गर्विष्ठ मुलगी त्या गल्लीत दुसरी नसेल.

अशा या माझ्या दरबारात, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, समोरच्या घरातल्या वहिनी आल्या.

त्यांचं घर तलवारवाल्यांपैकी. सासरे लढाईत कामी आलेले, नवरा दरबारच्या पलटणीत आणि कायम छावणीवर. घरात त्या आणि सासू, दोघीच. वहिनी साताऱ्याकडच्या एका खेड्यातल्या, लग्न होऊन तीन वर्षं झालेली, वय असेल एकोणीस-वीस. इकडची हिंदी त्यांना अजून नीट येत नव्हती. बाजारात त्या बोट दाखवून भाजी घ्यायच्या. सासूला आम्ही मावशी म्हणायचो. मावशींचा जन्म लष्करातलाच. त्यांची मराठी निम्मी हिंदीत भिजलेली.

वहिनींचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण ते झालं इथे, आणि मूल तिसऱ्या दिवशी गेलं. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आता त्यांना पुन्हा दिवस होते, पाचवा महिना सरत आला होता. त्या दिवशी मावशीही बरोबर आल्या. मांडीवर सूप, त्यात मटाराच्या शेंगा. त्या सोलत बसल्या. वहिनी भिंतीला टेकल्या आणि एका दमात म्हणाल्या :

"माज्या आईला लिवा, ताई. पयलं लेकरू हितं गेलं. ह्या येळंला म्या हितं ऱ्हानार न्हाई. भावाला धाडा म्हनावं. सातवा सरायच्या आत धाडा. न्हाई आला तर माजी आस सोडा."

मावशींचे हात थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्या सुपाकडे बघत होत्या. सासूला ऐकू जाईल अशा आवाजात, तिच्या मांडीजवळ बसून हे बोलायला त्या मुलीला काय लागलं असेल, याचा मी त्या वेळी विचारही केला नाही. माझं लक्ष कार्डावर होतं. 'आस सोडा' हे तर अभद्र, ते लिहायचं नाही. 'धाडा, धाडा' हे कसं दिसेल? मी टाक बुडवला आणि माझ्या उत्तमातल्या उत्तम वळणात लिहिलं : 'तीर्थरूप मातोश्रींचे चरणी कन्येचे शिरसाष्टांग नमस्कार. येथील सर्व मंडळी ईश्वरकृपेने क्षेम आहे. आपले दर्शनाची ओढ फार लागली आहे. बंधूंस सवड सापडल्यास एकवार मजला नेण्यास पाठविणे करावे. कळावे, लोभ असावा.'

मी ते वाचून दाखवलं. पुस्तकी मराठी वहिनींना किती कळली असेल कोण जाणे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई झ्याक वाटतंय ऐकाया," त्या म्हणाल्या. मावशी सूप उचलून उठल्या. मी कार्डावर टिपकागद दाबला आणि आधीच स्वतःवर जेवढी खूश होते त्याच्या दुप्पट खूश झाले.

सतरा-अठरा दिवसांनी उत्तर आलं. वहिनी ते हातात धरून धावतच जिना चढल्या. त्या दिवसांत धावू नये हेही त्या विसरल्या होत्या. कार्ड त्यांच्या गावच्या मास्तरांनी लिहिलेलं होतं. मी मोठ्यानं वाचलं. 'तुझे क्षेमाचे पत्र पावले. वाचून आईस फार आनंद झाला. सध्या ज्वारीची काढणी सुरू आहे. सवड सापडल्यास ये असे लिहिलेस, त्यास पाडव्याच्या सुमारास मोकळीक होईल, तेव्हा येऊन जाईन.'

वाचता वाचताच माझ्या लक्षात आलं होतं. पाडवा म्हणजे आठवा लागलेला असणार. आठव्यात बाईला गाडीत घालून दोन दिवसांच्या प्रवासाला कुणी नेत नाही. म्हणजे वहिनी जाणार नव्हत्या.

"आनंद झाला?" वहिनी म्हणाल्या. "माज्या आईला आनंद झाला?"

मी कार्ड त्यांच्यापुढे धरलं.

"म्या असं सांगितलं हुतं का, ताई?"

रागानं विचारलं असतं तर मी तरून गेले असते. त्यांना खरंच समजत नव्हतं. आपणच काही चुकीचं सांगितलं की काय, असं वाटून त्या माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी कार्ड घेतलं, पदराखाली धरलं आणि जिना उतरून गेल्या.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आईला वाटलं थंडी बाधली. तिनं सुंठीचा काढा दिला, तो मी मुकाट्यानं प्यायले. मला कळत होतं की शेतकरी माणसानं 'सवड सापडल्यास' वाचलं आणि प्रामाणिकपणे सवड शोधली. त्याला दफ्तराची भाषा कुठून कळणार? 'क्षेम' वाचून त्याच्या आईनं सुटकेचा निःश्वास टाकला असणार. माझ्या सुंदर अक्षरावर त्या माउलीनं विश्वास ठेवला. वहिनी जे बोलल्या त्यातलं एक अक्षरही मी पाठवलं नव्हतं. मी माझंच पत्र पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोरं कार्ड, दौत आणि टाक घेऊन समोरच्या घरी गेले. एरवी बायका माझ्याकडे यायच्या. मी कुणाकडे जायची नाही. वहिनी परसात भांडी घासत होत्या. मावशी उन्हात बसून वाळवण राखत होत्या.

"आता कशाला?" वहिनी म्हणाल्या. "शिकल्याली मानसं तुमी. लिवलं न्हवं का."

"नाही लिहिलं," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलंत ते मी लिहिलंच नाही. चांगलं दिसत नाही म्हणून गाळलं. माझं चुकलं."

माझे कान तापले होते. मावशी ऐकत होत्या. उद्या ही गोष्ट गल्लीभर होणार, 'ती दफ्तरवाल्यांची पोर, तिला लिहिता येत नाही', हे मला दिसत होतं. तरी मी बोलले. आज मागे वळून पाहताना मला माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टींचा अभिमान वाटतो, पण त्या राखेनं भरलेल्या परसात उभं राहून 'माझं चुकलं' म्हणणारी ती तेरा वर्षांची मुलगी मला सगळ्यांत आवडते. तिला कुणी तसं करायला सांगितलेलं नव्हतं.

वहिनींनी हात धुतले. मी जमिनीवर बसले आणि पाट पुढे ओढला.

"आता सांगा. पण सावकाश. मी तेच लिहिणार आहे."

आणि मी लिहिलं. मला वाटलं होतं, हे सोपं आहे. सजवायचं नाही म्हणजे काम कमीच. पण ते भलतंच अवघड निघालं. हात सारखा वळायला बघायचा. 'धाडा' म्हटलं की हाताला 'पाठविणे करावे' हवं असायचं. मी दर दोन शब्दांनी म्हणायची, "थांबा वहिनी, पुन्हा म्हणा." त्या पुन्हा म्हणायच्या. मध्येच त्या गप्प झाल्या तर मी टाक उचलून वाट पाहायची. माझ्या मनातला पुढचा शब्द त्यांच्या तोंडात द्यायची नाही. एका ठिकाणी त्या म्हणाल्या, "रातचं त्याचं रडनं ऐकू येतं." मी विचारलं, "हे लिहू?" त्या म्हणाल्या, "लिवा." मी लिहिलं.

कार्डावर मायना नव्हता. सुरुवात होती, 'आई, म्या बोलती हाय.' क्षेम नव्हतं. शेवटी होतं, 'सातवा सरायच्या आत भावाला धाड. ज्वारी ऱ्हाऊ दे रानात. न्हाई आला तर माजी आस सोडा.' अक्षर माझंच होतं, पण घाईचं, एक-दोन ठिकाणी शाई पसरलेलं. वाचून दाखवलं तेव्हा वहिनींनी 'झ्याक' म्हटलं नाही. नुसती मान हलवली. मावशींनी वाळवणावरची चादर सारखी केली आणि आत गेल्या.

घरातून जाणारं प्रत्येक पत्र दादांच्या नजरेखालून जाई. लपवण्याची माझी हिंमत नव्हती आणि इच्छाही नव्हती. संध्याकाळी ते दफ्तरातून आले, तेव्हा मी कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला.

"हे काय आहे?"

"वहिनींचं पत्र."

"मायना कुठाय? क्षेम कुठाय?" त्यांचा आवाज चढत गेला. "गावंढळ बोलणं जसंच्या तसं! आस सोडा काय! हे असलं पत्र हातात पडलं तर तिची आई छाती पिटून घेईल."

"पिटू दे," मी म्हटलं. "पिटली तर भाऊ निघेल."

स्वयंपाकघरात आईच्या हातातली पळी पडल्याचा आवाज आला. दादांशी असं कुणी बोलत नसे, थोरला भाऊसुद्धा नाही.

"पहिलं पत्र तुमच्यासारखं लिहिलं होतं, दादा," मी म्हटलं. "त्याचं उत्तर आलंय. पाडव्याला येतो म्हणतो."

"तरी रीत आहे ना काही. उद्या पाहू. मी नीट करून देईन."

"तुम्ही नीट केलंत तर ते तुमचं होईल. वहिनींचं राहणार नाही."

दादांनी कार्ड डेस्कावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवला. मी त्यांच्या हाताखालून ते ओढून घेतलं. ओढलं, चपला घातल्या आणि जिना उतरले. टोपी बाजारातून दिवेलागणीच्या गर्दीत एकटी, डोक्यावर पदर नाही, शाल नाही. दुकानदार ओळखीचे, "बिटिया, कहाँ चली?" म्हणून हाका मारत होते. मी थेट इंदरगंजच्या चौकापर्यंत गेले आणि टपालपेटीत कार्ड टाकलं. ते आत पडल्याचा आवाज ऐकला, मगच वळले.

मला मार बसला नाही. दादा माझ्याशी बोलेनासे झाले, एवढंच. पंधरा-वीस दिवस पाणी हवं असलं तर ते धाकट्या बहिणीला सांगायचे, मी शेजारी उभी असले तरी. ते माराहून वाईट होतं. पण पुन्हा विचारलं असतं तर मी पुन्हा तेच केलं असतं, हेही मला पक्कं ठाऊक होतं. ही खात्री माझ्यासाठी अगदी नवी होती. अक्षराबद्दल मला कधी अशी खात्री वाटली नव्हती. कुणीतरी छान म्हणावं लागायचं. आता सगळे माझ्यावर नाराज होते आणि मी मात्र घरात सरळ मानेनं वावरत होते.

वहिनींना सातवा लागला. रोज सकाळी त्या खिडकीत उभ्या राहायच्या. आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि दोघी मान हलवायचो : नाही.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला. त्यातून मुंडासं बांधलेला, खांद्यावर घोंगडं टाकलेला एक उंच तरुण उतरला आणि मराठीत ओरडून विचारू लागला, "पलटनीतल्या जाधवांचं..." नाही, आडनाव मी इथे लिहिणार नाही आणि हेही त्यांचं नव्हे. एवढंच सांगते, की वहिनींनी वरून हाक मारली, "दाद्या!" आणि ती अख्ख्या टोपी बाजारात ऐकू गेली असेल.

बहिणीला भेटून तो आमच्याकडे आला. पत्र कुणी लिहिलं ते त्याला बघायचं होतं. दादा दफ्तरात निघायच्या तयारीत होते. रीतीप्रमाणे त्यांनी त्याला बसवलं, आईनं चहा दिला. तो बशीत ओतून प्यायला आणि म्हणाला, "मास्तरांनी पैली वळ वाचली आन् आई उठून हुबी ऱ्हायली. म्हनली, ही माजी आक्का बोलती. दुसरी वळ झाली तशी तिनं माजं घोंगडं आनून फुडं टाकलं. म्या म्हटलं, आई, ज्वारी. ती म्हनली, ज्वारी मी काढीन, तू हो म्होरं."

दादा पगडी हातात धरून ऐकत होते.

"पैल्या पत्रात काय ठावंच लागलं न्हाई आमास्नी," तो म्हणाला. "लई मोठं लिवल्यालं हुतं."

माझी मान खाली गेली. दादा पहिलं पत्रही माझंच हे सांगतील, असं मला वाटलं. ते खाकरले. "हे दुसरं पत्र माझ्या मुलीनं लिहिलं," ते म्हणाले. "मला न विचारता टाकलंन्." त्यांनी पगडी डोक्यावर ठेवली. जिना उतरताना मागे न बघता म्हणाले, "शाई संपली असेल तर सांग. येताना आणतो." पंधरा-वीस दिवसांतलं ते त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी आत जाऊन उशीत तोंड घालून रडले, आणि ते रडणं मी कुणाला देणार नाही इतकं मला प्रिय आहे.

तिसऱ्या दिवशी वहिनी गेल्या. मावशींनी दशम्या बांधून दिल्या, गाडीत पाठीला लावायला उशी दिली, टांग्यात बसताना हात धरला.

चार दिवसांनी मावशी आमच्याकडे आल्या. त्यांनी कधी मला पत्र सांगितलेलं नव्हतं. मुलाची खुशाली पलटणीतल्या माणसांकडून तोंडीच यायची-जायची. त्या डेस्कासमोर बसल्या.

"पोराला चिट्ठी लिही," त्या म्हणाल्या. "मी बोलते तेच लिही. बीचमध्ये तुझं काही घालू नको. मालूम आहे ना?"

"मालूम आहे," मी म्हटलं.

"लिही. तुझी बायको माहेरी गेली. मी मना नाही केलं. पहिल्या वेळी मना केलं होतं. पुण्याकडची माणसं निघाली होती, घेऊन जातो म्हणाली, बरोबर बायकाही होत्या. मी म्हटलं, परक्यांबरोबर कशी पाठवू. मग ते सगळं झालं." त्या थांबल्या. मी वाट पाहिली. त्यांचा हात डेस्काच्या कडेवरून फिरत राहिला. "लिही. ते माझं चुकलं. तू मला कधी बोलला नाहीस. तिनंही नाही."

टाकाच्या टोकाशी 'आमचे हातून अनवधानाने' तयार होऊन बसलं होतं. मी ते झटकलं आणि लिहिलं, 'ते माझं चुकलं.' वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हां. बस." आणि कार्ड घेऊन स्वतः टाकायला गेल्या.

मग पाडवा झाला. चैत्रातली हळदीकुंकवं झाली, कैरीची डाळ आणि पन्हं झालं. लू, तो इकडचा भाजून काढणारा वारा, सुरू झाली, दुपारी खिडक्यांवर वाळ्याचे पडदे लागले. साताऱ्याकडून काही कळेना. मावशी रोज टपालवाल्याच्या वेळेला दारात उभ्या राहायच्या आणि तो पुढे गेला, की आमच्या जिन्यावर येऊन विचारायच्या, "इतने दिन लागतात का गं?" मी म्हणायची, लागतात. मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायला हवं होतं, पण तेवढं धैर्य मला त्यांच्या तोंडाकडे बघून झालं नाही.

वैशाखात एका सकाळी त्या वर आल्या. हातात कार्ड होतं. ते शिसपेन्सिलीनं लिहिलेलं, अक्षरं मोठी, वेडीवाकडी, एकेक शब्द जमिनीवरून उचलून ठेवल्यासारखा. मास्तरांचं नव्हतं. भावानं स्वतः लिहिलं होतं. दादा त्या दिवशी घरी होते. ते उठून दाराशी आले.

मी वाचलं : 'आक्का बाळतीन जाली. पोरगी हाय. दोगी जित्या हाईत.'

एवढंच होतं. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या.

"फिर से वाच."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग त्या पुढे वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "तू गोड तर नाही ना केलंस? खरं सांग. मी सहन करीन."

काही बोलावं असं मला वाटलं, पण माझ्या बोलण्यावर त्यांनी विश्वास का ठेवावा, हे मला कळेना. मी कार्ड त्यांच्याकडे वळवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी त्यांचं बोट धरलं, शेवटच्या ओळीवर आणलं आणि एकेका शब्दावर टेकवत नेलं.

"हे दोघी," मी म्हटलं. "आणि हे जित्या."

त्यांनी बोट तिथेच दाबून धरलं, आणि मी माझा हात काढून घेतला तरी उचललं नाही.